तुरुंगाच्या दारातील पैसा
(विहारातील सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



काही महिन्यांपूर्वी आपल्यांतील एक माता माझ्याकडे आली. तिचा मुलगा कच्चा कैदी म्हणून तुरुंगात होता. कानांतील फुले गहाण ठेवून तिने पाच हजार रुपये उभे केले होते आणि 'तुरुंगाची फी' म्हणून ते एका मध्यस्थाच्या हाती दिले होते. मी पावती मागितली. ती म्हणाली, "वकीलसाहेब, तुरुंगाच्या कामाची कोणी पावती देतं का?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी आज येथे उभा आहे. मुलाच्या अपराधाचा निर्णय न्यायालय करील. परंतु ज्या नावाखाली आईची फुले गेली, ते देणे कायद्यात कोठेच नव्हते.

तुरुंगाची फी ही वस्तू जगात कधी नव्हतीच, असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये एके काळी कित्येक तुरुंगाधिकाऱ्यांना वेतनच नसे; कैद्यांकडून घेतलेल्या फीवर त्यांचा निर्वाह चाले. १७७३ साली बेडफर्डशायरचा शेरीफ झालेल्या जॉन हॉवर्डला असे आढळले की, निर्दोष ठरलेली माणसेसुद्धा फी देता येत नाही म्हणून तुरुंगातच अडकून पडतात. त्याने हा अन्याय पार्लमेंटपुढे मांडला आणि १७७४ मध्ये निर्दोष सुटलेल्यांवरील ही फी कायद्याने बंद झाली. अमेरिकेत आजही अनेक तुरुंगांत दाखल होण्याची, डॉक्टरला दाखविण्याची, काही ठिकाणी तर राहण्याचीही फी आकारली जाते. घरच्यांनी कैद्याच्या खात्यात भरलेल्या रकमेतून ती परस्पर वळती होते. आई पैसा पाठविते साबणासाठी, आणि तो जातो जुनी बाकी फेडण्यासाठी!

आपल्या देशात फौजदारी खटल्यातील कैद्याचे अन्न, निवारा आणि औषधोपचार हा शासनाचा भार आहे. दाखल होण्याची, बराकीची, जेवणाची वा मुलाखतीची म्हणून शासनाची फी नाही. मग पैसा लागतो कशासाठी? चार गोष्टींसाठी त्याचा संबंध येतो. त्या चार वेगवेगळ्या ओळखता आल्या, म्हणजे फसवणुकीचा मार्ग पुष्कळसा बंद होतो.

पहिली गोष्ट, कैद्याची खाजगी रोख. १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या कलम २५ ने असे ठरविले होते की, कैद्याने बरोबर आणलेला वा त्याच्यासाठी पाठविलेला पैसा तुरुंगाधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवावा. तेव्हापासून हा पैसा कैद्याच्या नावावर जमा होत आला आहे. घरचे लोक तो मनीऑर्डरने अथवा कारागृहाने ठरविलेल्या मार्गाने पाठवितात. कैदी त्यातून ठरलेल्या मर्यादेत कँटीनमधील वस्तू घेतो. सुटताना शिल्लक त्याला परत मिळावयाची असते. ताबा अधिकाऱ्याचा असला तरी मालकी कैद्याची आहे, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट, जामीन. जामीनपत्र म्हणजे भरलेला पैसा नव्हे. आरोपी तारखेस हजर राहिला नाही तर एवढी रक्कम देईन, असे ते वचन आहे. न्यायालयाच्या आदेशाने रोख अनामत भरली असेल, तर अटी पाळल्यास ती शेवटी परत मिळते. म्हणून तिची पावती जिवापाड जपावी. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला आणि जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातील म्हणून नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्यास सांगितले. ३१ जानेवारी २०२३ रोजी त्याच न्यायालयाने आणखी निर्देश दिले. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे. महिनाभरात जामीनपत्र सादर झाले नाही, तर अट सौम्य करण्याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकते.

तिसरी गोष्ट, दंड. दंड न भरल्यास जो जादा कारावास ठोठावलेला असतो, तो दंड भरताच संपतो. एवढेच नव्हे, तर अंशतः भरलेला दंडही वाया जात नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ मध्ये हे प्रमाण सांगितले आहे. समजा, तीन हजार दंड आणि तो न दिल्यास तीन महिने कैद आहे. दोन हजार भरले आणि त्या कैदेचा एक महिना भोगून झाला, तर उरलेली कैद संपते. सगळी रक्कम जमेपर्यंत थांबून आपली माणसे नाहक दिवस मोजीत बसतात.

चौथी गोष्ट, कैद्याची मजुरी. श्रम करणाऱ्या कैद्याला न्याय्य मजुरी दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सांगितले. ती ठरविताना अन्नवस्त्राचा खर्च विचारात घेता येतो आणि एक भाग अपराधाने पीडित झालेल्यांसाठी राखण्याचा कायदा करता येतो, असेही म्हटले. म्हणून मजुरी कमी दिसली तर कपात कोणत्या नियमाने झाली, हे विचारावे. आणि कामाची वाटणी? ती जातीवरून करणारे कारागृहांचे नियम ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. नोंदवहीतील जातीचा रकानाही काढून टाकण्यास सांगितले. झाडू कोणाच्या हाती द्यावयाचा, हे ह्यापुढे जन्मावरून ठरणार नाही.

कोणी म्हणेल, हे सर्व विचारण्यास वकील लागतो आणि वकिलाला पैसा लागतो. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतील व्यक्तीला मोफत कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या लोकांनाही तो आहे. बौद्ध धम्म स्वीकारल्याने आपला हा हक्क गेला, असे कोणी सांगितल्यास भिऊ नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना त्या सवलती मिळाल्या आहेत. शिवाय गरीब कैद्यांच्या जामिनासाठी वा दंडासाठी केंद्र शासनाची योजना आहे. २०२३ च्या मूळ सूचनांप्रमाणे कच्च्या कैद्याकरिता चाळीस हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याकरिता पंचवीस हजारांपर्यंत साहाय्य ठेवले होते. काही गंभीर कायद्यांखालील गुन्हे तिच्यातून वगळले आहेत. अर्जासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधिसेवा प्राधिकरणाच्या कचेरीत जावे.

त्या मातेच्या मुलाला जामीन पूर्वीच मंजूर झाला होता. जामीनदाराअभावी तो दोन महिने आत राहिला. आम्ही अर्ज केला, अट सौम्य झाली आणि तो घरी आला. पाच हजार रुपये मात्र परत आले नाहीत. अर्ज दोन महिन्यांपूर्वीही करता आला असता. परंतु तिला ते कोणी सांगितले नव्हते आणि तिनेही कोणाला विचारले नव्हते.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. घरात एक वही ठेवा. पैसा मागणाऱ्याला तीन प्रश्न विचारा : हा कशाचा पैसा आहे? तो कोणत्या नियमाने आहे? पावती कोण देणार? ज्याला ह्या तिन्हींचे उत्तर देता येत नाही, त्याच्या हाती एक रुपयाही देऊ नका. आपल्या माणसाच्या हातून चूक घडली असेल, तर तिची शिक्षा तो भोगील; त्याच्या आईने न घेतलेले कर्ज फेडावे, असे कोणताही कायदा म्हणत नाही.

जय भीम!