औषधांच्या दुकानातून विधिमंडळात



राजकारण हे वकिलांचेच क्षेत्र होय, असा समज आपल्यांत रूढ आहे. तो खोडून काढणारे एक उदाहरण आम्ही आपणांपुढे ठेवतो.

अमेरिकेतील ह्यूबर्ट हंफ्री मंदीच्या काळात विद्यापीठ सोडून दक्षिण डकोटातील वडिलांच्या औषधांच्या दुकानी राबले व रीतसर शिकून औषधविक्रेते झाले. १९४५ साली ते मिनिआपोलिसचे महापौर व १९४९ साली सिनेटर झाले. १९५१ साली त्यांनी व प्रतिनिधिगृहातील कार्ल डरहॅम यांनी एक कायदा करविला. कोणते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून देऊ नये, हे त्याने ठरले. डरहॅमही औषधविक्रेतेच! ही निकड दुकानात उभे राहिलेल्यालाच प्रथम उमगावी, हे स्वाभाविक होय.

तथापि आम्हांस त्यांचे थोरपण दिसते ते अन्यत्र. १९४८ च्या पक्षाधिवेशनात त्यांनी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची बाजू घेतली. दक्षिणेकडील कित्येक प्रतिनिधी उठून गेले. हंफ्री डगमगले नाहीत. १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटात पार पाडण्याची धुरा त्यांनीच वाहिली. १९६५ साली ते उपराष्ट्राध्यक्ष झाले.

आपल्या मुलांनी राजकारणात अवश्य जावे. परंतु तेथे केवळ ज्ञातीचे गाऱ्हाणे न मांडता, ज्यांचे कोणी ऐकत नाही त्यांचेही मांडावे, एवढीच आमची विनंती आहे.