स्वागताध्यक्षांचे चार शब्द



आधी माफी मागतो. चौकापासून इथवर पोचताना आपला जीव मेटाकुटीला आला असेल. आमच्या रायपूरचा शारदा चौक ते तात्यापारा रस्ता रुंद होणार, हे ऐकता ऐकता माझे केस पिकले.

मी दुकानदार माणूस. अनुभवी शिक्षकांनी छात्राध्यापकांना कसं घडवावं, या आजच्या विषयावर मी काय सांगणार? बी.एड.च्या दोन वर्षांत २० आठवडे शाळेत काढावे लागतात, एवढं धाकट्या सुनेमुळे कळलं. तिच्या पाठाच्या वहीत बाईंचा शेरा रोज एकच : 'ठीक.' एकदा मात्र लिहिलं होतं, 'फळ्याशी बोललात, मागच्या बाकाला ऐकू गेलं नाही.' त्या रात्री सूनबाई ओट्याकडे पाठ करून आमच्या कुकरच्या शिट्ट्यांवर आवाज चढवत होती!

आता गावाबद्दल. इथल्या हायस्कुलात नंदलाल दुबे नावाचे शिक्षक होते. १८७१ साली पथरियात जन्मलेला, बिलासपूरहून शिकायला आलेला एक मराठी मुलगा त्यांच्या हाताखाली हिंदीच्या नादी लागला. तेच आपले माधवराव सप्रे. पुढे पेंड्राला राजकुमाराचे शिक्षक असताना त्यांनी जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक काढलं. सोबतीला रायपूरचे वामनराव लाखे. समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' सप्र्यांनीच हिंदीत नेलं. १९२६ साली ते रायपुरातच गेले. सप्र्यांच्या नावाची शाळा आहे, लाख्यांच्या नावाचं नगर आहे. दुबेगुरुजींच्या नावाची पाटी मला तरी कुठे दिसली नाही. मराठी पोराला हिंदीची गोडी लावणारा माणूस, त्याला एक गल्लीसुद्धा... असो. चिठ्ठी आली आहे, आवरतं घेतो.

आजच्या जेवणाचा दुबराज तांदूळ एका राईस मिलवाल्या स्नेह्यांनी दिला. नाव घेऊ नका म्हणाले. दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेत, ते तेच. मंडपवाल्यांनी भाडं निम्मं केलं, महिला मंडळानं तीन रात्री जागून लाडू वळले, समोरच्या डॉक्टरांनी जनरेटर दिला. तो मध्येच दम खातो, त्याचा राग डॉक्टरांवर काढू नका. पंखे कमी आहेत. बिल्ल्यांवर 'छात्राध्यापक'चं 'छत्राध्यापक' झालंय. छपाई पुतण्याची, दोष माझा.

जेवण दोन पंगतींत आहे. बाहेरगावच्यांनी पहिल्या पंगतीला बसावं, पारावाल्यांनी वाढायला यावं. आणि चहा निघालाय म्हणतात, फक्त चौकात अडकलाय.