कन्यांना सेनाद्वार खुले आहे
(राहनाळ येथील मेळाव्यात केलेले भाषण)



आमच्या राहनाळच्या शेतांवर आज गोदामे उभी आहेत. परंतु ज्या माताभगिनींनी येथील चिखलात भाताची लावणी केली, त्यांच्या धैर्याविषयी कोणास शंका आहे? मग त्यांच्या कन्यांनी सैन्यात अधिकारी का होऊ नये?

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ साली मुलींस प्रथम प्रवेश मिळाला. २०२५ च्या मे महिन्यात १७ कन्या तेथून उत्तीर्ण झाल्या. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या माधुरी कानिटकर २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या. लायबेरियात शांतिरक्षणासाठी भारताने २००७ साली महिला पोलिसांची स्वतंत्र तुकडी धाडली.

प्रबोधिनीची अट मात्र ध्यानी घ्यावी. उमेदवार अविवाहित हवी, शिक्षण बारावीचे आणि वय सुमारे साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावी होताच आपण मुलीसाठी स्थळे पाहू लागतो, तेव्हा ते द्वार आपल्याच हातांनी बंद होते. ही चूक आमच्याही घरांत घडली आहे, हे आम्ही कबूल करतो.

म्हणून लग्नाची घाई थोडी आवरावी आणि मुलीस एकदा त्या परीक्षेस बसवावे, एवढीच आमची नम्र विनंती.