टपालाचे पहिले तिकीट

पत्रावर तिकीट डकविणे ही क्रिया आज इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कुणी तरी प्रथमच केली असेल हे ध्यानीही येत नाही. १८३७ च्या कायद्यान्वये मुंबई-कलकत्ता टपालास तोळ्यामागे एक रुपया महसूल पडे, आणि तो अंतरानुसार ठरत असल्यामुळे दरवेळी कारकुनाच्या तोंडाकडे पाहावे लागे. परंतु १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतचे पत्र, मग ते ठाण्यास जावो वा पेशावरास, अर्ध्या आण्याच्या तिकिटावर जाऊ लागले. त्या तिकिटांच्या कडांना छिद्रे नसल्यामुळे ती कात्रीने कापावी लागत, आणि कित्येकांनी ती वेडीवाकडी कापलीही. संग्राहक आज त्याबद्दल हळहळतात! बिनतिकिटाच्या पत्रावर मात्र दुप्पट आकार बसे.