पाण्यानें आणि आत्म्यानें
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं मिस्साबलिदानानंतर केलेलें भाषण)



महोत्सवाच्या तयारीच्या दिवसांत आम्ही स्नानसंस्काराच्या जुन्या वह्या उघडून बसलों होतों. बाळाचें नांव, आईबापांचें नांव, धर्मपिता व धर्ममाता कोण, मस्तकावर पाणी कोणीं घातलें, हें सर्व तेथें निरनिराळ्या धर्मगुरूंच्या हस्ताक्षरांत लिहिलेलें आहे. शाई फिकट झाली आहे, तथापि एकही नांव खोडलेलें नाहीं. कडेच्या रकान्यांत पुढें दृढीकरणाची व विवाहाची नोंद होते. मात्र ज्याचा नवा जन्म येथें नोंदला गेला, तो त्या जन्मास साजेसा जगला कीं नाहीं, हें लिहिण्यास वहींत रकाना नाहीं. तो रकाना देवाजवळ आहे. आजच्या मंगल दिवशीं त्याच रकान्याविषयीं चार शब्द तुम्हांस सांगावे, असें आम्हीं योजिलें आहे.

ह्यास एक कारणही घडलें. बाजारांत, एस. टी. च्या स्थानकावर, कधीं घरीं येऊनही, आपल्या लोकांस कोणी विचारतात, “तुमचा नवा जन्म झाला आहे काय? झाला असल्यास कोणत्या दिवशीं?” ज्याच्या मस्तकावर तान्हेपणींच पाणी पडलें, त्यास तो दिवस कसा आठवावा? इंदापुराकडची एक आजी ह्या प्रश्नानें व्याकुळ होऊन आमच्याकडे आली व म्हणाली, “फादर, मला माझा दिवस आठवत नाहीं. मग मी जन्मलेंच नाहीं कां?” आम्हीं म्हटलें, “आजी, आईच्या पोटीं जन्मलां तो दिवस तरी तुम्हांला आठवतो कां? तरी जन्मलां आहांतच कीं नाहीं?” आजी हंसली आणि समाधानानें घरीं गेली. आमचें मात्र समाधान झालें नाहीं. आमचें उत्तर खरें होतें, पण तें अर्धेंच होतें.

निकदेम हा विद्वान् शास्त्री रात्रीं प्रभूकडे आला, तेव्हां तोही ह्याच ठिकाणीं अडखळला. म्हातारा मनुष्य आईच्या उदरीं पुन्हा कसा शिरेल, असें त्यानें विचारलें. आपल्या मुलखांत तर ह्या शब्दानें दुसराच घोटाळा होतो. दर आषाढीस तुकोबारायांची पालखी बारामती-इंदापुरावरून पंढरीस जाते. जन्ममरणाचा फेरा चुकावा, हीच त्या वाटेनें जाणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांची कळकळीची विनवणी असते. नवा जन्म म्हटला कीं त्यांस फेऱ्यांतला आणखी एक जन्म वाटावा, हें साहजिक आहे. प्रभु सांगतो तें निराळें आहे. देह तोच, घर तेंच, गांव तेंच. ह्याच एका आयुष्यांत मनुष्यानें पाण्यानें आणि पवित्र आत्म्यानें देवाचें लेकरूं होऊन जन्मावयाचें आहे. हा जन्म आपल्या पुण्याईनें मिळत नाहीं. तो वरून येतो. म्हणूनच पवित्र ख्रिस्तसभा तान्ह्या बाळासही स्नानसंस्कार देते. आणि तो एकदांच देते, कारण त्या संस्कारानें आत्म्यावर उमटलेला शिक्का पुढें केलेल्या पापानेंही पुसला जात नाहीं.

वरून आलेलें पाणी म्हणजे काय, हें ह्या मुलखास समजावून सांगण्याची गरज नाहीं. सह्याद्रीवर ढग रिते होतात आणि आपल्या माथ्यावरून कोरडे जातात. १८७६–७७ च्या दुष्काळांत माणसें आणि गुरें अन्नपाण्यावांचून तडफडलीं. त्याच काळांत दुष्काळी कामावरील मजुरांच्या हातांनीं नीरेच्या डाव्या कालव्याच्या खोदाईस आरंभ झाला, आणि १८८५ च्या सुमारास त्यांतून पाणी खेळूं लागलें. डोंगरांत पडलेला पाऊस भाटघरच्या धरणांत सांठून, वीर येथून वळून, बारामती-इंदापुराच्या उन्हाळ शेतांच्या बांधापर्यंत आला. शेतकऱ्यानें तो पाऊस पाडला नव्हता. त्यास केवळ दारें धरावयाचीं होतीं. देवाच्या कृपेचें ह्याहून सोपें चित्र आम्हांस आमच्या सेमिनरीच्या ग्रंथांतही सांपडलें नाहीं. आपल्या पुणें धर्मप्रांताची स्थापनाही त्याच दशकांतली, १८८६ सालची, हेंही येथें स्मरण्याजोगें आहे.

परंतु कालव्याची कथा येथें संपत नाहीं, आणि आमच्या अर्ध्या उत्तराचें उरलेलें अर्धें तिच्या पुढच्या भागांत आहे. पाणी येऊन पुरतीं पंचवीस वर्षें होतात न होतात, तोंच नीरेकांठच्या कित्येक काळ्याभोर जमिनी पांढऱ्या पडूं लागल्या. १९१० सालीं डॉ. हॅरल्ड मॅन व श्री. तम्हाणे ह्यांनीं नीरा-खोऱ्यांतील खारवट जमिनींची पाहणी प्रसिद्ध केली. कारण तुमच्यांतील प्रत्येक शेतकरी जाणतो. ऊंस आला, पाण्यावर पाणी देणें आलें. पण पाणी निघून जाण्यास वाट नव्हती. तें जमिनींत मुरलें, खालची पातळी वर चढली, पोटांतला खार पाण्याबरोबर वर आला, आणि ऊन लागून पाणी उडून गेल्यावर खार तेवढा माथ्यावर राहिला. जें पाणी जीवन द्यावयास आलें, त्याच पाण्यानें निचऱ्यावांचून शेत मेलें. दोष पाण्याचा नव्हता, कालव्याचाही नव्हता. घेणें होतें आणि सोडणें नव्हतें.

बंधुभगिनींनो, स्नानसंस्कार झालेल्या आत्म्याचीही हीच गति होऊं शकते. आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यांत केडगांव येथें ज्यांचें मुक्ति मिशन आहे, त्या पंडिता रमाबाईंचें उदाहरण घ्या. त्या आपल्या कॅथलिक मंडळींतल्या नव्हत्या. तथापि त्यांची साक्ष आदरानें ऐकण्यासारखी आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा स्नानसंस्कार झाला. पुढें सुमारें आठ वर्षांनीं त्यांस उमगलें कीं, आपण ख्रिस्ताचा धर्म पत्करिला, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्त आपणांस अजून भेटलेला नाहीं. एवढी मोठी विदुषी, पण तिनें हें उघडपणें लिहून ठेविलें. पाणी आधींच आलेलें होतें. त्याची वाट मोकळी झाली ती त्या कबुलीनें. दुष्काळांतून आणलेल्या शेंकडों अनाथ मुलींना केडगांवीं जो आसरा मिळाला, तो त्यानंतरचा.

आतां आमचीही एक कबुली ऐका. पूर्वींच्या एका नेमणुकींत कालव्याच्या चारीवर दोन भाऊ शेजारीं शेजारीं शेती करीत होते. वांटणीवरून दोघांचें बिनसलें. थोरल्याच्या शेतांतलें साचलेलें पाणी धाकट्याच्या बांधावरून चरानें ओढ्यास जात असे. धाकट्यानें रागाच्या भरांत तो चर बुजविला. थोरल्याची जमीन आधीं पांढरी पडली, मग धाकट्याची. दोघेही दर रविवारीं मिस्सेस येत, एक ह्या बाजूस बसे आणि एक त्या बाजूस, आणि दोघांच्याही जिभेवर आम्ही ख्रिस्तप्रसाद ठेवीत असूं. त्यांचें वैर आम्हांस ठाऊक होतें. दोन वर्षें आम्ही एक शब्द बोललों नाहीं. मंदिराचें दुरुस्तीचें काम निघालें होतें, दोघांचीही वर्गणी हवी होती; तेव्हां शांततेच्या नांवाखालीं आम्हींही एक चर बुजवूनच ठेविला होता. तिसऱ्या वर्षीं उपवासकाळांत आम्हीं आधीं आपल्या ह्या भेकडपणाचें पापनिवेदन केलें, मग त्या दोघांच्या घरीं गेलों. धाकट्यानें पुष्कळ वेळ खालीं पाहिलें. “फादर, चर मी बुजवला. उघडायलाही मीच जातो,” एवढेंच तो म्हणाला. दुसरे दिवशीं थोरलाही कुदळ घेऊन बांधावर आला.

जमीन त्या वर्षीं सुधारली नाहीं. खार धुऊन जाण्यास कित्येक पावसाळे लागतात. परंतु पाणी हललें होतें. आजीस द्यावयाचें उरलेलें उत्तर हेंच. नव्या जन्माचा दिवस वहींत एकदांच लिहिला जातो. पण त्या जन्माचें पाणी वाहतें आहे कीं साचलें आहे, हें रोज पाहावें लागतें. प्रभूनें प्रायश्चित्ताचा संस्कार दिला, तो आत्म्याचा निचरा होय. ज्याच्या पापनिवेदनास वर्षानुवर्षें मुहूर्त सांपडत नाहीं, त्यानें आपल्या काळजाची माती एकदां हातांत घेऊन पाहावी. आपल्या धर्मग्रामाच्या काळजाचीही पाहावी. वेदीपाशीं आपण सर्व एका पित्याचीं लेकरें, आणि सोयरिकीच्या बैठकींत मात्र स्नानसंस्कारापूर्वींची जात हळूच विचारतों, हा खार नव्हे तर काय? ज्याचा नवा जन्म झाला, तो जुन्या जन्माचा दाखला कशास काढतो?

यहेज्केल संदेष्ट्यास दर्शन झालें, तें आम्ही नीरेकांठीं राहावयास आल्यापासून आम्हांस अधिक समजूं लागलें. मंदिराच्या उंबऱ्याखालून पाण्याचा झरा निघतो. तो घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत वाढत जातो, आणि खाऱ्या समुद्रास मिळून त्यासही गोड करितो. जेथें तो जातो तेथें मासे जगतात, कांठावर दर महिन्यास फळणारीं झाडें उभीं राहतात. परंतु संदेष्टा आणखी एक गोष्ट सांगतो, ती आपण बहुधा विसरतों: पाणथळ जागा आणि डबकीं मात्र गोड होत नाहींत, तीं मिठासाठींच राहतात.

आजचा महोत्सव हा केवळ गत वर्षांच्या मोजदादीचा दिवस नव्हे. मोशेच्या नियमशास्त्रांत पन्नासावें वर्ष हें ज्याची त्याची जमीन परत मिळण्याचें व दासांच्या सुटकेचें वर्ष म्हणून सांगितलें आहे. तेव्हां आज घरीं जाण्यापूर्वीं प्रत्येकानें एक चर उघडावा: कोणाशीं बोलणें सोडलें असेल त्याच्याशीं बोलावें, कोणाचें अडविलें असेल तें सोडावें. कालव्याच्या तोंडाशीं बसलेल्यानें शेवटच्या टोंकावर तहानेल्या शेताची आठवण ठेवावी. कारण आपल्या बांधाशीं आलेली कृपाही एकट्यासाठीं आलेली नसते. दाराशीं तीर्थाचें पात्र आहे. जातांना त्यांत बोटें बुडवून कपाळीं क्रूसाची खूण करितांना आपला तो न आठवणारा दिवस आठवा, आणि मनांत म्हणा: प्रभो, पाणी तूं दिलेंस, आतां दारें धरावयास मला बळ दे.

सर्वसमर्थ देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तुम्हां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.