बोरीबंदर ते टाउन हॉल



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे मुंबईच्या कोटातल्या रस्त्यांवर झाले. तेव्हा त्याच रस्त्यांवरून आज आपल्याला थोडे हिंडवून आणतो. बोरीबंदर ते टाउन हॉल, अंतर जेमतेम दीड किलोमीटर.

बोरीबंदरचे स्टेशन पाहायला लोक दूरदेशाहून येतात. ते बांधणाऱ्या स्टीव्हन्ससाहेबाचे नाव पुस्तकांत आहे. नक्षीकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केले, हेही लिहिलेले आहे. दगड ज्यांनी डोक्यावर वाहिले त्यांची नावे मात्र मला कोठे आढळली नाहीत. तेथून जवळच एम्पायर थिएटर. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी तेथे आयटकची स्थापना झाली. अध्यक्ष होते लाला लजपतराय. संघटनेत पडल्यावरही कित्येक वर्षे मी त्या इमारतीवरून गेलो, पण मला हे ठाऊक नव्हते!

दादाभाई नौरोजी रस्त्याला लागले की डोक्यावर कमानी येतात. मालकाने वर मजले चढवावेत, पण खालून चालणाऱ्याला सावलीची वाट सोडावी, असा तेथे दंडकच होता. पायी चालणाऱ्याची एवढी काळजी घेणारा कायदा मला पुढे फारसा भेटला नाही.

मग हुतात्मा चौक. कारंजे १८६४ सालचे, त्यावर फुलांची रोमन देवता. याच ठिकाणी २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि पंधरा माणसे पडली. आता कारंज्याशेजारी शेतकरी आणि कामगार मशाल घेऊन उभे आहेत.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पुढच्या वर्षी मी शाळा सोडली आणि कोटातल्या एका कचेरीत चहापाणी देऊ लागलो. पगाराच्या दिवशी वडील मला न्यायला येत, ते याच स्मारकापाशी थांबत. एकदा पुतळ्याकडे बघत म्हणाले, "ह्यांना उभं राहायला जागा तरी मिळाली." मी पगार त्यांच्या हातावर ठेवला. तो त्यांनी मोजला नाही. एरवी ते चार आणेसुद्धा दोनदा मोजत.

हॉर्निमन सर्कलच्या जागी एके काळी कापसाच्या गाठी पडत. हॉर्निमन हे 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक. १९१९ मध्ये सरकारने त्यांना हद्दपार केले. इंग्रजाविरुद्ध इंग्रज उभा राहिला, म्हणून गव्हर्नर एल्फिन्स्टनचे नाव जाऊन त्या जागेला त्याचे नाव मिळाले.

समोर टाउन हॉल, १८३३ चा. तीस पायऱ्या. वर फुकट वाचता येते, हे मला एका हमालाने सांगितले. तरी सहा महिने मी खालच्याच पायरीवर बसून डबा खात असे. चपला तुटक्या होत्या. शेवटी एक दिवस चढलो. कोणी हटकले नाही. कामगार कायद्याचे पहिले पुस्तक मी तेथे वाचले, एका पानाला एक दुपार या हिशेबाने.

आजही दुपारी त्या पायऱ्यांवर कंत्राटी सफाईवाले बसतात. मागच्या खेपेला तेथेच एकाचा अर्ज लिहीत होतो. कामाला केव्हा लागलास, विचारले. त्याच्यापाशी कागद एकही नव्हता. बराच विचार करून तो म्हणाला, "साहेब, धाकटी पोरगी रांगत होती तेव्हा."

"आता कितवीत आहे?"

"सातवीत."

ते वर्ष मी अर्जात घातले.