तरस आणि कुत्रा: नात्यातले की नुसते दिसायला सारखे?

 

मागे आम्ही खालापूर तालुक्यातल्या एका वाडीत बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्त्यांचा हिशेब झाला आणि विषय निघाला कुत्रीचा. वाडीतली एक कुत्री व्याली होती. पाच पिल्लं. त्यातल्या दोघांच्या अंगावर काळे-पिवळे पट्टे. एक आजी म्हणाल्या, "ही तरसाची अवलाद. रात्रीचं डोंगरावरून तरस उतरतं, त्याचीच ही. मोठी झाली की पहिल्या आपल्याच शेळ्या खातील." दुसऱ्या दिवशी ती दोन पिल्लं पोत्यात घालून नदीत सोडायची, असं जवळजवळ ठरलं होतं. एका सुनेनं हळूच विचारलं, "पण आत्या, असं खरंच होतं का हो?"

खरं सांगायचं तर आम्हालाही तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. "चार दिवस थांबा, आम्ही विचारून येतो," एवढं सांगून निघालो. मग गुरांच्या डॉक्टरांना विचारलं, जंगल खात्याच्या माणसांना विचारलं, थोडं वाचलं. जे समजलं ते आज सगळ्यांनाच सांगतो.

पहिलं उत्तर सरळ आहे. तरस आणि कुत्रा यांची पिल्लं होत नाहीत. होऊच शकत नाहीत.

आता का, ते बघू. आपल्या गोठ्यात गाय आणि म्हैस शेजारी शेजारी बांधलेली असतात. दोघींना शिंगं, दोघींना खूर, दोघी रवंथ करतात, दूध देतात. एकाच कुळातल्या आहेत. तरी आजवर कुणी गाईला रेड्यापासून वासरू झालेलं पाहिलंय? नाही. कारण प्रत्येक जिवाच्या अंगात आईबापाकडून आलेली गुणसूत्रं असतात. गाईची ६०, आपल्याकडच्या म्हशीची ५०. ती एकमेकांशी जुळत नाहीत. घोडा आणि गाढव जवळचे, म्हणून त्यांचं खेचर होतं. घोड्याची ६४, गाढवाची ६२. पण तिथेही खेचराला पुढे पोर होत नाही.

मग कुत्र्याची किती? ७८. आणि तरसाची ४०. गाय-म्हैस एका कुळातल्या असून जमत नाही, तर इथे कुळच वेगळं.

तरस दिसतं कुत्र्यासारखं, पण नात्यानं ते मांजराच्या बाजूचं आहे. मांस खाणाऱ्या जनावरांच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एका शाखेत कुत्रा, लांडगा, कोल्हा, अस्वल. दुसऱ्या शाखेत मांजर, वाघ, बिबट्या, मुंगूस, उदमांजर आणि तरस. या दोन शाखा चार कोटी वर्षांपेक्षाही आधी वेगळ्या झाल्या. म्हणजे आपल्या परड्यात साप शोधत फिरणारं मुंगूस हे कुत्र्यापेक्षा तरसाच्या जवळचं नातेवाईक.

मग दिसायला सारखं का? दोघांचं कामच सारखं. लांब चालायचं, पळायचं, दातानं हाड फोडायचं. कामाप्रमाणे अंग घडतं. वटवाघूळ उडतं म्हणून आपण त्याला पाखरू म्हणत नाही, ते पिल्लाला दूध पाजतं. तसंच हे.

तरस ओळखायचं कसं? पुढचे पाय उंच, मागचे आखूड, त्यामुळे पाठ मागे उतरती. चालताना लंगडल्यासारखं वाटतं. अंगावर उभे पट्टे, मानेपासून पाठीवर राठ केसांची आयाळ, कान टोकदार, शेपूट झुबकेदार. घाबरलं की आयाळ फुलवून मोठं दिसतं. ते बहुतेक मेलेली ढोरं खातं, हाडंसुद्धा चावून फोडतं, म्हणून त्याची विष्ठा वाळली की पांढरी दिसते. रात्री हिंडतं, माणसापासून लांब राहतं. त्याला मोकळा, कोरडा माळ जास्त मानवतो. त्यामुळे घाटावर, पुणे-सोलापूरकडे आणि नगरकडचं जे दुसरं कर्जत आहे त्या बाजूला ते जास्त. आपल्या घाटाखालच्या दाट पावसाच्या मुलखात ते विरळाच. टीव्हीवर जे हसल्यासारखं ओरडतं, ते ठिपक्यांचं तरस आफ्रिकेतलं. आपल्या देशात फक्त पट्ट्यांचं.

मग त्या पिल्लांचे पट्टे कुठून आले? कुत्र्यातूनच. गावठी कुत्र्यात असा पट्टेरी रंग पिढ्यान्‌पिढ्या आहे. अशा कुत्र्याला आपण 'वाघ्या' म्हणतो, म्हणून काही तो वाघाचा होत नाही. आईबाप दोघं साध्या रंगाचे असले तरी आजा-पणज्याचा रंग कधी कधी पिल्लात उतरतो.

आता आजींचं म्हणणं अगदीच हवेतलं होतं का? तसंही नाही. रानातल्या जनावराचा आणि कुत्र्याचा संकर होतो, पण तो लांडग्याशी. कुत्रा हा मुळात माणसाळलेल्या लांडग्याचाच वंश. दोघांचीही गुणसूत्रं ७८. पुणे जिल्ह्यातल्या माळावर ग्रासलँड्स ट्रस्टच्या लोकांना लांडग्यांमध्ये वेगळ्याच पिवळसर रंगाची जनावरं दिसली. त्यांच्या नमुन्याची बंगळूरच्या शास्त्रज्ञांबरोबर तपासणी झाली आणि २०२३ साली नक्की झालं, की हा लांडगा आणि कुत्रा यांचा संकर आहे. युरोपात क्रोएशिया देशात कोल्हा आणि कुत्रा यांचाही असा संकर सापडला आहे. हे लांडग्यांसाठी वाईट आहे. आपल्या देशात लांडगे तीन हजारांच्या आसपास उरलेत असा अंदाज आहे, आणि गावोगाव मोकाट कुत्री वाढली तर लांडग्याचा वाणच पुसला जाईल.

मैत्रिणींनो, हे सगळं कळून आपल्याला काय उपयोग? उपयोग आहे, आणि तो पैशाचाही आहे.

शेळी मेली की आपण म्हणतो, "तरसानं नेली" किंवा "बिबट्यानं नेली," आणि उरलेलं पुरून टाकतो. असं करू नका. वाघ, बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा अशा वन्यप्राण्यानं जनावर मारलं तर सरकारकडून नुकसानभरपाई मिळते. मोकाट कुत्र्यांनी मारलं तर जंगल खातं ती देत नाही. म्हणून कुणी मारलं हे ठरणं महत्त्वाचं, आणि ते आपण नाही, पंचनाम्यात ठरतं. मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका. ठसे पुसू देऊ नका, त्यावर पाटी किंवा टोपली पालथी घाला. मोबाइलवर फोटो काढा. ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा जवळच्या वन कार्यालयात कळवा. १९२६ हा जंगल खात्याचा मदतीचा नंबर आहे. एकटीनं जायला संकोच वाटला तर गटातल्या दोघी-तिघींनी मिळून जा.

एवढं मात्र लक्षात ठेवा. एकाच रात्री चार-पाच शेळ्या फाडल्यात, मागच्या पायांना, पोटाला चावे आहेत आणि मांस फारसं खाल्लेलं नाही, तर बहुतेक ते कुत्र्यांच्या टोळीचं काम असतं. आपल्याकडे फार्महाऊस, ढाबे, पोल्ट्र्या वाढल्या. तिथलं उष्टं आणि मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकल्या की कुत्र्यांच्या टोळ्या जमतात. ग्रामसभेत हा विषय आपणच मांडायला हवा.

तरस दिसलं तर दगड मारू नका, मागे लागू नका. १९७२ च्या कायद्यानं त्याला मारणं गुन्हा आहे. आणि मेलेलं ढोर खाऊन ते आपलीच रोगराई कमी करतं.

कुत्रा असो की रानातलं जनावर, चावलं किंवा ओरबाडलं तर जखमेवर हळद, मिरची, चुना काही लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन सुरू करा. सगळे डोस पुरे करा. रेबीज एकदा झाला की त्यावर औषध नाही.

आम्ही परत त्या वाडीत गेलो तेव्हा पाचही पिल्लं अंगणात खेळत होती. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग ह्यांना ती सुई तरी टोचून घ्या." गटानं लगेच ठरवलं, की पिल्लं तीन महिन्यांची झाली की गुरांच्या दवाखान्यात नेऊन लस द्यायची, कुत्रीचं नसबंदीचं विचारायचं. पट्टेवाल्यांपैकी एक पिल्लू त्या प्रश्न विचारणाऱ्या सुनेनंच ठेवून घेतलं आहे.

तुमच्या वाडीत असा काही प्रश्न असेल तर गटात बोला, आम्हाला कळवा. नमस्कार.